बेपत्ता व्यक्तीचा शोध आणि डीएनए पुरावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातले माणूस बेपत्ता झाल्यावर, आणि त्यातही कुठेतरी अनोळखी मृतदेह सापडल्याची बातमी कानावर आल्यावर, कोल्हापूर शहर, इचलकरंजी आणि हातकणंगले-शिरोळ पट्ट्यातील कुटुंबांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे दुसऱ्या उत्तराशी संबंध येतो, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. डीएनए चाचणीवरून हरवलेला माणूस कुठे आहे हे कळते का?

नाही. ठावठिकाणा शोधण्यासाठी मोबाइलचे लोकेशन, सीसीटीव्ही, बँकेचे व्यवहार, एसटी स्टँड व रेल्वे स्थानकावरची चौकशी हेच मार्ग आहेत. डीएनए एकाच प्रश्नाचे उत्तर देतो, ते म्हणजे जे सापडले आहे, मग तो मृतदेह असो, हाड असो, रक्ताचा डाग असो वा स्वतःचे नाव सांगू न शकणारा जिवंत माणूस असो, ते आपलेच माणूस आहे का. ही तुलना असल्यामुळे तिला दोन बाजू लागतात, आणि आमच्या पाहण्यात बहुतेक प्रकरणे प्रयोगशाळेत अडत नाहीत; एक बाजू शवागारात व दुसरी घरी पडून राहते आणि त्या एकत्र आणण्याचे काम कोणी केलेलेच नसते, म्हणून ती अडतात.

२. तक्रार देण्यासाठी २४ तास थांबावे लागते का? त्याच वेळी डीएनएचा नमुनाही द्यायचा का?

२४ तास थांबण्याचा नियम कोणत्याही कायद्यात नाही. हरवलेली व्यक्ती १८ वर्षांखालील असेल, तर बचपन बचाओ आंदोलन या बालहक्क संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी दिलेल्या आदेशानुसार अपहरण झाले असावे असे गृहीत धरून गुन्हाच नोंदवावा लागतो. नुसती मिसिंगची नोंद पुरत नाही.

डीएनएचा नमुना सहसा पहिल्या दिवशी घेतला जात नाही आणि त्याची घाईही नसते. घाई असते ती घरातील वस्तू जपण्याची (प्रश्न ४). मात्र एखादा अनोळखी मृतदेह सापडला असेल, किंवा काही महिने उलटूनही थांग लागला नसेल, तर "संदर्भ नमुना (तुलनेसाठी नातेवाइकाचा नमुना) देण्यास आम्ही तयार आहोत" असा साधा लेखी अर्ज तपास अधिकाऱ्यांकडे द्यावा आणि त्याची पोचपावती जपून ठेवावी.

३. नमुना कोणी द्यायचा? आई-वडील हयात नाहीत, तर भाऊ किंवा चुलता चालेल का?

आई आणि वडील दोघेही असतील तर उत्तम, कारण प्रत्येकाला निम्मा डीएनए आईकडून आणि निम्मा वडिलांकडून मिळतो व दोघांचे नमुने मिळून चित्र पुरे होते. हरवलेल्या व्यक्तीला मुले असतील, तर मुलांचा आणि त्यांच्या दुसऱ्या पालकाचा नमुना घेतात. "मी तर बायको, माझे रक्त कशाला?" असा प्रश्न येथे हमखास येतो. पत्नीचे पतीशी रक्ताचे नाते नसते हे खरे. पण मुलाच्या डीएनएमधून आईकडून आलेला भाग वेगळा काढला म्हणजे उरलेला भाग वडिलांचा, आणि तो वेगळा काढण्यासाठीच तिचा नमुना लागतो.

सख्खी भावंडे सरासरीने निम्मा डीएनए वाटून घेतात, परंतु ही सरासरी आहे. एका भावाशी जास्त तर दुसऱ्याशी कमी जुळू शकते. त्यामुळे एका भावाऐवजी दोन-तीन भावंडांचे नमुने दिल्यास निष्कर्ष पुष्कळ भक्कम होतो.

याहून लांबच्या नात्यांत दोन विशेष चाचण्या कामी येतात. वाय गुणसूत्र वडिलांकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते, म्हणून हरवलेला पुरुष असेल तर चुलता, चुलत भाऊ, एवढेच नव्हे तर भावकीतील लांबचा पुरुषही उपयोगी ठरतो. पण त्यातच त्याची मर्यादा आहे, कारण मृतदेह त्या भावकीतील पुरुषाचा असावा एवढेच त्यातून कळते; नेमका कोणाचा, ते कळत नाही. मायटोकॉन्ड्रिया या पेशीतील ऊर्जा बनवणाऱ्या भागातील डीएनए याउलट फक्त आईकडून येतो. त्यामुळे मावशी, मावशीची मुले, आईची आई आणि सख्खा मामा यांचा नमुना चालतो. मामाची मुले चालत नाहीत, कारण त्यांना तो त्यांच्या आईकडून, म्हणजे मामीकडून मिळालेला असतो. आत्याही येथे चालत नाही, मग घरात ती कितीही जवळची असो. मात्र हरवलेल्याची मुले आणि आई-वडील कोणीच नसतील, तेव्हा नेहमीच्या चाचणीसाठी आत्याचा नमुनाही पूरक म्हणून घेता येतो.

आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे. अशा घरात पती-पत्नीचाही काही डीएनए सामाईक असतो आणि प्रयोगशाळेचे गणित त्यामुळे बदलते. म्हणून नमुना देताना वंशावळ सांगावी आणि त्यात ही नाती लपवू नयेत.

४. घरातील कोणत्या वस्तू जपून ठेवाव्यात?

हरवलेल्या व्यक्तीने स्वतः आणि एकट्यानेच वापरलेल्या. दात घासण्याचा ब्रश, दाढीचे पाते, कंगवा, न धुतलेली बनियन किंवा उशीचा अभ्रा या पहिल्या पसंतीच्या वस्तू होत. दुःखाच्या घरात नातेवाईक मदतीच्या भावनेने कपडे धुऊन, घड्या घालून ठेवतात आणि चांगला नमुना साबणाच्या पाण्यात जातो. वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नये, कारण आत दमटपणा राहून बुरशी धरते. कोऱ्या कागदाच्या पाकिटात, सावलीत, कोरडी ठेवावी आणि शक्यतो हाताळू नये.

जावळाबद्दल फार जण विचारतात. कापलेल्या केसाला मूळ नसते आणि नेहमीच्या चाचणीला लागणारा डीएनए मुख्यतः मुळाशी असतो. त्यामुळे जावळातून झालेच तर मायटोकॉन्ड्रियाचे परीक्षण होते. कंगव्यात अडकलेला, मुळासकट निघालेला केस त्याहून मोलाचा. मात्र आजीच्या ट्रंकेत हळदीच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली वाळकी नाळ किंवा पडलेला दुधाचा दात असेल, तर तो आवर्जून दाखवावा, कारण नीट कोरड्या राहिलेल्या नाळेतून अनेक वर्षांनीही डीएनए मिळू शकतो.

चप्पल हा कोल्हापूरचा खास प्रश्न आहे. रोज वापरलेल्या कोल्हापुरीवर अंगठ्याचा आणि टाचेचा काळपट ठसा उमटलेला असतो, तेथे घामाबरोबर कातडीच्या पेशीही असतात आणि त्यांतून नमुना मिळण्याची शक्यता असते. पण हे कातडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले असते, आणि त्यातील टॅनिन चाचणीतील रासायनिक क्रियेलाच अडथळा करते. म्हणून चप्पल जपावी, पण तिच्यावरच विसंबू नये.

५. नमुना कसा घेतात? खर्च कोण करतो?

बहुधा बोटातून किंवा शिरेतून थोडे रक्त घेतात, अथवा गालाच्या आतल्या बाजूने कापसाची काडी फिरवतात. उपाशीपोटी येण्याची गरज नसते. नमुना पोलिसांच्या पत्रावर शासकीय रुग्णालयात घेतला जातो, देणाऱ्याची ओळख व संमती नोंदवली जाते, आणि पाकीट सीलबंद होऊन न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे जाते. या प्रयोगशाळांचे मुख्यालय मुंबईत कालिना येथे आहे आणि कोल्हापुरातही प्रादेशिक प्रयोगशाळा आहे. आपला नमुना नेमका कोठे गेला, हे तपास अधिकाऱ्यांच्या पाठवणी पत्रावर लिहिलेले असते. पोलीस तपासातील या चाचणीचे पैसे कुटुंबाने भरायचे नसतात.

६. पंचगंगेत सापडलेला मृतदेह आम्ही कपड्यांवरून ओळखला. तरी डीएनए कशासाठी?

पाण्यात काही दिवस राहिलेल्या देहाचा चेहरा फुगतो, रंग बदलतो आणि हाता-पायांची कातडी मोज्यासारखी सुटू लागते. अशा वेळी खचलेला भाऊ किंवा बाप ओळखतो तो पुष्कळदा चेहरा नसून स्वतःची भीती असते. बाजारात शेकडोंनी विकल्या जाणाऱ्या शर्टावरून ओळख पटवणे त्याहून धोक्याचे. चूक झाली तर दोन घरांचे नुकसान होते, कारण ज्यांचे माणूस खरोखर गेले ते त्याला शोधत राहतात आणि ज्यांनी दुसऱ्याला अग्नी दिला त्यांच्या माणसाचा शोध थांबतो.

याचा अर्थ प्रत्येक वेळी डीएनए लागतोच असे नाही. जुन्या शस्त्रक्रियेत बसवलेली, क्रमांक असलेली धातूची पट्टी, दातांवरील उपचारांच्या नोंदी किंवा बोटांचे ठसे यांवरूनही खात्रीची ओळख पटते, आणि तीही लवकर. सुटलेल्या कातडीवरूनसुद्धा ठसे घेता येतात. जेथे असे काही नाही, तेथे डीएनए. देह ताजा असेल तर रक्त चालते, कुजलेला असेल तर दाढ किंवा मांडीचे हाड घेतात, कारण घट्ट हाडात आणि दाताच्या कवचात डीएनए अधिक काळ टिकतो. नमुना फॉर्मॅलिनमध्ये (अवयव जतन करण्याच्या रसायनात) ठेवला तर डीएनएचे तुकडे पडतात, हे संबंधितांना माहीत असते. तरी कुटुंबाच्या वकिलाने विचारून घ्यावे.

७. मग आधारच्या अंगठ्यावरून ओळख का पटवत नाहीत?

आधारची पडताळणी एका क्रमांकापुढे एकच ठसा ठेवून होते, म्हणजे क्रमांक आधी ठाऊक हवा. आणि २०१६ च्या आधार कायद्याच्या कलम २९ नुसार ठशांसारखी मूळ जैविक माहिती कोणालाही देण्यास मनाई आहे.

८. आमचे माणूस कोल्हापुरातून हरवले. मृतदेह दुसऱ्या तालुक्यात किंवा कर्नाटकात सापडला असेल तर आम्हाला कसे कळणार?

नदीला हद्द नसते. शिवाजी पुलाजवळ पाण्यात गेलेला माणूस इचलकरंजीच्या अंगाने नृसिंहवाडीच्या संगमापर्यंत आणि पुढे कृष्णेतून राजापूर बंधारा ओलांडून बेळगाव जिल्ह्यात जाऊ शकतो. दूधगंगा आणि वेदगंगा याही पुढे कर्नाटकातच जातात. मिसिंगची नोंद मात्र शहरातील ठाण्यात मराठीत असते, आणि देह सापडतो तेथे अकस्मात मृत्यूची नोंद होऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली चौकशी होते, तीही कदाचित कानडीत. संगणकावरच्या नोंदी व ठाण्यांतील परस्पर संदेश यांमुळे ही कागदे भेटायला हवीत. पण ती आपोआप भेटतील असे धरून बसू नये.

नदीच्या खालच्या अंगाची पोलीस ठाणी, लोहमार्ग पोलीस आणि शेजारच्या जिल्ह्यातील शवागारे यांच्याकडे चौकशी करावी आणि महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरील अनोळखी मृतदेहांची यादी अधूनमधून पाहावी. सोबत उंची, जुन्या जखमेची खूण, गोंदण, दातांची ठेवण आणि घर सोडतानाचे कपडे यांचे टिपण न्यावे. वर्णन जुळणारा देह आढळल्यास दोन्ही ठाण्यांचे नोंद क्रमांक एकाच अर्जात लिहून तुलनेची मागणी करावी. हा अर्ज म्हणजेच प्रश्न १ मध्ये म्हटलेल्या दोन बाजू एकत्र आणणे होय.

९. आम्ही पोहोचण्यापूर्वीच बेवारस म्हणून अंत्यसंस्कार झाले. आता काही करता येईल का?

पहिला प्रश्न विचारावा, तो नमुना राखून ठेवला होता का हा. शवविच्छेदनाच्या वेळी दात, हाड किंवा रक्त राखले असल्यास ते मुद्देमालात किंवा प्रयोगशाळेत असते आणि तुलना तशीच पुढे होऊ शकते. मृतदेह दफन केला असेल, तर कार्यकारी दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने तो उकरून नमुना घेता येतो. दहन केले असेल आणि काहीच राखले नसेल, तर पंचनामा, छायाचित्रे, कपडे व अंगावरील वस्तू एवढाच आधार उरतो. अनोळखी देहाचे दहन करण्यापूर्वी एक दाढ काढून ठेवण्याला कितीसा वेळ लागतो, हे आम्हाला अजून कळलेले नाही.

१०. राख किंवा जळालेल्या हाडांतून डीएनए मिळतो का?

पूर्ण जळून पांढरी, ठिसूळ झालेली हाडे आणि रक्षा यांतून व्यवहारात काही मिळत नाही. काळपट, अर्धवट जळालेले जाड हाड किंवा मांसाखाली झाकलेली दाढ असेल तर शक्यता असते. १९९५ च्या दिल्लीतील नैना साहनी खून प्रकरणात तंदुरीत जाळलेल्या देहाची ओळख तिच्या आई-वडिलांच्या डीएनएशी तुलना करून पटवली होती.

११. अहवालातील "जुळते", "वगळले जाते" यांचा अर्थ काय?

प्रयोगशाळा डीएनएमधील साधारण वीस ठिकाणे तपासते, प्रत्येक ठिकाणी ठरावीक तुकडा किती वेळा आला त्याचा आकडा काढते आणि सापडलेल्या नमुन्यातील आकडे कुटुंबाच्या आकड्यांशी ताडते. "वगळले जाते" हा निष्कर्ष सहसा ठाम असतो. "जुळते" हा मात्र शक्यतेचा असतो, म्हणजे हे नाते असेल तर असे आकडे दिसण्याची शक्यता, नाते नसण्याच्या तुलनेत किती पट जास्त आहे, एवढे त्यात सांगितलेले असते. आई-वडील दोघांशी तुलना असेल तर ही पट प्रचंड असते, एका सावत्र भावाशी असेल तर तुटपुंजी. तिसरा प्रकार "निष्कर्ष काढता येत नाही" हा आहे, आणि तो नकार नव्हे; अधिक नातेवाइकांचे किंवा दुसऱ्या हाडाचे नमुने देऊन पुन्हा प्रयत्न करता येतो.

मृत्यू केव्हा, कशाने झाला, बुडून की आधी, हे डीएनए सांगत नाही. त्यासाठी शवविच्छेदन आणि व्हिसेराचे (राखून ठेवलेल्या आतील अवयवांच्या तपासणीचे) अहवाल वेगळे असतात.

१२. अहवालाला इतका वेळ का लागतो? अहमदाबादला तर काही दिवसांत झाले.

१२ जून २०२५ च्या अहमदाबाद विमान दुर्घटनेत २६० जणांचा मृत्यू झाला आणि सुमारे दोन आठवड्यांत बहुसंख्य ओळखी डीएनएवरून पटल्या. पण तेथे मृतांपैकी बहुतेकांची नावे प्रवासी यादीत होती, नातेवाईक एकाच रुग्णालयात जमले होते आणि प्रयोगशाळा रात्रंदिवस त्याच कामाला लागली होती. आपल्या प्रकरणात हाड स्वच्छ करून, दळून, त्यातील चुना काढावा लागतो, आणि आधी आलेल्या प्रकरणांची रांगही असते. प्रयोगशाळेचा पोच क्रमांक घेऊन दर महिन्याला लेखी विचारणा करावी.

१३. देशात डीएनएची बँक आहे ना? नमुना दिला की सगळीकडे आपोआप तपासला जाईल?

तशी कायद्याने स्थापन झालेली राष्ट्रीय बँक नाही. बेपत्ता व्यक्ती आणि अनोळखी मृतदेह यांच्या सूचींची तरतूद असलेले विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले, स्थायी समितीकडे गेले आणि जुलै २०२३ मध्ये मागे घेण्यात आले. त्यामुळे आपला नमुना ज्या मृतदेहाशी ताडण्यास सांगितले आहे, त्याच्याशीच ताडला जाईल, असे धरून चालावे आणि प्रश्न ८ मधील पाठपुरावा सोडू नये.

१४. खासगी प्रयोगशाळेतून चाचणी करून घेतली तर लवकर होईल का?

लवकर होईल, पण मृतदेहाचा नमुना तिला मिळणारच नाही. तो पोलिसांच्या ताब्यात असतो. न्यायालयात नमुन्याचा प्रवास महत्त्वाचा ठरतो. जुलै २०२५ मध्ये कट्टवेल्लई नावाच्या आरोपीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डीएनए नमुने घेतल्यापासून ४८ तासांत प्रयोगशाळेत पोहोचवावेत आणि ते कोणाच्या हातून कोठे गेले याची नोंदवही ठेवावी, असे निर्देश दिले.

१५. नमुना देण्याची सक्ती आहे का? घरातील एखादी जुनी गोष्ट उघड होईल अशी भीती वाटते.

नातेवाइकांवर सक्ती नाही. संशयित आरोपीची गोष्ट वेगळी, त्याची वैद्यकीय तपासणी करण्याची तरतूद कायद्यात आहे. भीती मात्र खरी आहे. दत्तक घेतलेला मुलगा, पहिल्या लग्नाची मुलगी, किंवा कोणी कधी बोलले नाही असे काही असेल, तर नमुना देणाऱ्याने ते तपास अधिकाऱ्यांना किंवा डॉक्टरांना एकांतात सांगावे, कारण न सांगितल्यास देह आपल्याच माणसाचा असूनही अहवाल "वगळले जाते" असा येऊ शकतो. वैध विवाहात जन्मलेले मूल औरसच धरण्याचे तत्त्व भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ११६ मध्ये आहे, त्यामुळे ओळख पटवण्यासाठी केलेल्या चाचणीने कोणाचा वारसाहक्क परस्पर जात नाही.

१६. मृतदेह सापडलाच नाही तर? सात वर्षे थांबावेच लागते का?

ज्यांना स्वाभाविकपणे खबर लागली असती, अशांना सात वर्षे काहीच कळले नसेल, तर माणूस जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर येते (भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम १११). पण मृत्यू सातव्या वर्षीच झाला किंवा हरवल्याच्या दिवशीच झाला, असे त्यातून ठरत नाही. हे २००४ मध्ये आयुर्विमा महामंडळ विरुद्ध अनुराधा या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. विम्याचे हप्ते भरणे थांबवण्यापूर्वी हा मुद्दा वकिलाकडून समजून घ्यावा. मोठ्या आपत्तीत शासन वेगळी कार्यपद्धती ठरवते. २०१३ च्या केदारनाथ प्रलयानंतर तसे झाले.

देहाविना खटला उभा राहत नाही, हा समजही चुकीचा आहे. हातकणंगले तालुक्यातील आळते गावच्या सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे एप्रिल २०१६ मध्ये बेपत्ता झाल्या, त्यांचा मृतदेह कधीच मिळाला नाही, तरीही परिस्थितीजन्य पुराव्यावर पनवेलच्या सत्र न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये खुनासाठी शिक्षा सुनावली.

१७. जिवंत सापडलेल्या मुलाची किंवा स्मृती गेलेल्या माणसाची ओळख अशी पटवता येते का?

येते, आणि ती सर्वांत सोपी चाचणी असते, कारण नमुना ताजा असतो. एकाच मुलावर दोन कुटुंबांनी हक्क सांगितल्यास बाल कल्याण समिती डीएनए चाचणीचा आधार घेऊ शकते. डीएनएशिवायही, आधारची नवी नोंदणी करताना (ही प्रश्न ७ मधील पडताळणीपेक्षा वेगळी) ती "आधीच झालेली आहे" म्हणून नाकारली गेल्यावर मूळ घर सापडल्याच्या घटना नागपुरात घडल्या आहेत.

१८. जुळी भावंडे, रक्त चढवलेला रुग्ण, अस्थिमज्जा प्रत्यारोपण अशा वेळी चाचणी चुकते का?

एकसारख्या जुळ्यांचा डीएनए नेहमीच्या चाचणीत सारखाच दिसतो. तेथे बोटांचे ठसे आणि दात कामी येतात, कारण ते जुळ्यांचेही वेगळे असतात. नातेवाइकाला नुकतेच रक्त चढवले असेल तर रक्ताऐवजी गालाचा नमुना द्यावा. ज्याचे अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले आहे, त्याच्या रक्तात दात्याचा डीएनए असतो आणि गालाच्या नमुन्यातही तो मिसळलेला आढळतो. म्हणून ही माहिती संमतीपत्रावरच लिहून द्यावी.

१९. देहाचा एकच भाग मिळाला आणि तो आमच्या माणसाचा ठरला. पुढे आणखी काही मिळाले तर?

पूर, दरड किंवा रेल्वे अपघातात असे घडते, आणि प्रत्येक भागाची चाचणी वेगळी करावी लागते, कारण शेजारी सापडलेले दोन भाग एकाच व्यक्तीचे असतील असे नाही. मिळालेल्या भागावर अंत्यसंस्कार करता येतात. मात्र त्या वेळीच कुटुंबाने एकत्र बसून ठरवावे आणि तपास अधिकाऱ्यांना लेखी कळवावे, की पुढे काही सापडल्यास दर वेळी घरी कळवावे, की शेवटी एकदाच, की कळवूच नये, आणि कळवायचे झाल्यास दूरध्वनी कोणाला करावा. आईला की थोरल्या मुलाला.